मावशीचं पापनिवेदन

माझी मावशी पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची. मागच्या खोलीत, मशीनपुढे, मांडीवर जड कापडाचा ढीग घेऊन. अंगानं ती चांगलीच जाड, त्यामुळे येणारा-जाणारा तिच्यावर विनोद करून जायचा. मालक म्हणायचा, "हिला मापं घ्यायला पाठवू नका, खिडकीच झाकली जाईल." मावशीही हसायची. ते हसणं मला अजून सलतं.

एका रविवारी चर्चमध्ये फादरनी उपदेशाला खादाडपणा हा विषय घेतला. शरीर म्हणजे देवाचं मंदिर, जिभेचे चोचले पुरवणारा त्यात कचरा टाकतो, वगैरे. लगेच पुढच्या बाकांवरच्या माना मागे वळल्या. सगळ्यांची नजर मावशीवर! आमच्या शेजारी चर्चचा खजिनदार बसला होता. काडीसारखा माणूस, पण बायकोनं वाढलेलं ताट 'चव नाही' म्हणून रोज परत सारणारा. त्याच्याकडे कोण बघतंय? त्याचं पाप अंगावर दिसत नव्हतं ना!

मावशी मान खाली घालून बसेल असं मला वाटलं होतं. पण मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपताच माझं मनगट धरून ती थेट फादर कपडे बदलतात त्या खोलीत शिरली.

"फादर, खादाडपणा पाप आहे ना?"

फादर गडबडले. "अहो, मी तुम्हाला उद्देशून नव्हतो बोलत."

"का नव्हता? वर्षभर पापनिवेदनाला येऊन मी तेच सांगतेय. हावरटासारखं खाते म्हणतेय. तुम्ही हसलात. म्हणालात, तळलेलं कमी करा, चालायला जा. ते मला डॉक्टर सांगतो. तुमच्याकडे मी वजन घेऊन आले नव्हते."

"मग काय ते आता सांगा."

मावशीचा आवाज चढला. "आई अंथरुणाला खिळलीय. तिच्यासाठी कस्टर्ड करते, दोन-चार चमचे भरवते. तिला आणखी हवं असतं, मला कळतं. तरी 'पोट भरलं ना तुझं' म्हणत वाटी उचलते आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्या संपवते. भूक नसते मला. ती कण्हायला लागली की छातीत काहीतरी दाटतं आणि हात वाटीकडे जातो. हे पाप नाही? मी बारीक असते तर तुम्ही 'पुढे बोला' म्हणाला असता."

मी गारच पडले. माझ्या आजीच्या तोंडचा घास! क्षणभर मला मावशीचाही राग आला.

फादर खुर्चीत बसले. "हसलो ते चुकलं माझं," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आईचं करायला दुसरं कोण आहे?"

"कुणी नाही."

माझ्या आईचं नाव तिला घेता आलं असतं. सख्खी बहीण, दोन गल्ल्या सोडून राहणारी. तिनं घेतलं नाही. घरी येऊन मीच आईवर तोंड टाकलं, आणि तेव्हापासून संध्याकाळी आजीकडे आई जायला लागली.

फादरनी मावशीला प्रायश्चित्त दिलं ते एवढंच: आजीच्या पलंगाशी बसून जेवायचं, आधी तिचं पोट भरायचं. मावशीनं ते पाळलं. एखाद्या दिवशी चुकायची, तेव्हा रडायची. आजीच्या गालांवर थोडं मांस आलं. मावशीचं वजन तसंच राहिलं, आणि मालकाचे विनोदही.

वेदीवरून मात्र फादरनी यावर कधी चकार शब्द काढला नाही. माना वळल्या चारचौघांत, चूक कबूल झाली बंद खोलीत. मावशीला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं.