चीफ आणि गरुडाची बाटली

हातात बाटली आली की चीफ ती आधी उलटी करायचे. मग ती आमच्या घरची लोणच्याची असो, औषधाची असो, की हॉकर सेंटरच्या, म्हणजे सिंगापूरमधल्या खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईतल्या, टेबलावरची सोया सॉसची. बुडाच्या मधोमध अंगठा फिरवायचा आणि मगच ती सरळ करायची. एकदा बुकित बातोकच्या हॉकर सेंटरमध्ये सॉसचं झाकण सैल होतं. अर्धा सॉस त्यांच्या नूडल्समध्ये सांडला. स्टॉलवरची चिनी आंटी फडकं घेऊन धावली.

"अंकल, बॉटल गॉट प्रॉब्लेम आह?"

"नो प्रॉब्लेम, आंटी. मशीन मेड."

"ऑफ कोर्स मशीन मेड लाह," असं म्हणत तिने टेबल पुसलं. चीफनी त्या काळ्याशार नूडल्स निमूटपणे संपवल्या.

"बेंबी बघायची आधी," ते मला सांगत. "तोंड काय, कुणीही रंगवतं."

ही बेंबी काय प्रकार आहे ते तुम्हाला सांगायला हवं. पूर्वी कारागीर नळीने फुंकून बाटली करायचा, तेव्हा तिचं तोंड घडवताना ती धरायला तिच्या बुडाला एक सळई चिकटवायचा. काम झालं की सळई मोडून काढायचा. तिथे काचेचा खरबरीत वण राहायचा. चीफ त्याला बेंबी म्हणत.

तेव्हा नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. सिंगापूरच्या बंदराजवळ जहाजांची देखभाल पाहणाऱ्या एका कंपनीत मी नवा होतो आणि चीफ माझे वरिष्ठ. वीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढून, चीफ इंजिनियर होऊन ते किनाऱ्यावर आले होते. मूळचे चिपळूणचे. आमच्या ब्लॉकच्या समोरच्याच ब्लॉकमध्ये त्यांचा भाड्याचा फ्लॅट होता आणि त्या फ्लॅटच्या खिडकीत सतरा बाटल्या ओळीने उभ्या होत्या. अमेरिकेत पावणेदोनशे वर्षांपूर्वी केलेल्या, व्हिस्कीच्या, चपट्या, खिशात मावतील अशा. काही समुद्राच्या पाण्यासारख्या निळसर, काही मधाच्या रंगाच्या, दोन-तीन हिरव्या. काचेतच उठवलेली चित्रं. कुणावर शिडाचं जहाज, कुणावर फळांनी भरलेलं शिंग, कुणावर पंख पसरलेला गरुड आणि मागच्या बाजूला तिथला पहिला राष्ट्राध्यक्ष.

चीफ स्वतः थेंबही घेत नसत. वहिनी म्हणायच्या, "बाकीच्यांचे नवरे अमेरिकेतून सेंट आणतात. आमचे रिकाम्या बाटल्या आणतात. भरलेल्या आणल्या असत्या तर पाहुण्यांना तरी दिल्या असत्या."

पहिली बाटली त्यांना बाल्टिमोरला मिळाली होती. एका सुट्या भागासाठी जहाज आठवडाभर अडकलं होतं आणि ते पाय मोकळे करायला गावात गेले होते. जुन्या सामानाच्या दुकानात ही पडली होती. दुकानदार राष्ट्राध्यक्षाचं कौतुक सांगत होता, चीफ काचेतला एक बुडबुडा बघत होते.

"राष्ट्राध्यक्षाचं नाव सगळ्या जगाला ठाऊक आहे," ते मला म्हणाले होते. "ज्याने ही फुंकली त्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. पण हा बुडबुडा बघ. हा त्याचा श्वास आहे. भट्टीपुढे उभा राहून घाम पुसत घेतलेला." मग म्हणाले, "इंजिनरूममधल्या माणसाचं नाव तरी कोण विचारतं?"

त्यानंतर अमेरिकेचं प्रत्येक बंदर त्यांनी असंच पायी धुंडाळलं. दोनदा फसले. त्या दोन्ही नकली बाटल्या त्यांनी स्वयंपाकघरात ठेवल्या होत्या, एकीत तेल आणि एकीत व्हिनेगर. "फसल्याची आठवण रोज समोर असावी," असं ते म्हणत.

आता ज्या दिवशी सगळं घडलं तो दिवस सांगतो.

आमच्या कंपनीला एका अमेरिकन मालकाची सहा जहाजं सांभाळायला मिळणार होती. तो स्वतः सिंगापूरला आला. उंच, मोकळ्या स्वभावाचा म्हातारा. डायरेक्टरसाहेबांनी कुठूनसं शोधून काढलं की त्यालाही जुन्या बाटल्यांचा नाद आहे. मग काय, बैठकीत चीफना मुद्दाम बोलावलं. म्हाताऱ्याने बॅगेतून मखमलीत गुंडाळलेली बाटली काढली. गरुडाची, गडद मधाच्या रंगाची. ती नुकतीच घेतल्याचं त्याने सांगितलं. डायरेक्टरसाहेब म्हणाले, "आमच्याकडे जाणकार आहे. सांगा हो, कशी आहे?"

चीफनी बाटली उलटी केली. अंगठा फिरवला. खिडकीशी नेली, पुन्हा बघितली. मी शेजारीच उभा होतो आणि त्यांचा चेहरा बघूनच मला उत्तर कळलं.

"सर, ही नवी आहे," ते म्हणाले. "वीस-तीस वर्षांची असेल. बूड बघा. दीडशे वर्षं टेबलावर सरकलेल्या बाटलीचे ओरखडे वाट्टेल तसे जातात. हे सगळे एकाच दिशेने आहेत. बेअरिंगवर असे ओरखडे दिसले असते तर मी म्हटलं असतं, कुणीतरी पॉलिश पेपर मारलाय."

म्हाताऱ्याने बाटली परत घेतली, बुडाकडे पाहिलं आणि ती पुन्हा मखमलीत गुंडाळून ठेवली.

संध्याकाळी डायरेक्टरसाहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. चीफनी त्या म्हाताऱ्याला एक पत्र लिहायचं होतं. आपण तज्ज्ञ नाही, आपला अंदाज चुकला, क्षमस्व. चारच ओळी.

"पण चुकला नाही," चीफ म्हणाले.

"एका बाटलीसाठी सहा जहाजं घालवायची?"

"सर, उद्या त्यांच्या जहाजाच्या बॉयलरला तडा असला तर तेव्हाही मी छान आहे म्हणायचं का? माझी सही एकच आहे. बाटलीला वेगळी आणि बॉयलरला वेगळी अशा दोन नाहीत."

डायरेक्टरसाहेब माझ्याकडे वळले. "तू यांच्या घरी जातोस. हे खरंच जाणकार आहेत, की नुसता छंद?"

माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे तिथे राहून नोकरी करायचा परवाना, मिळून तेव्हा चारच महिने झाले होते. बायको पुण्याहून नुकतीच आली होती. मी म्हणालो, "छंदच आहे, सर."

चीफनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. घरी जाताना एमआरटीच्या ट्रेनमध्ये ते माझ्याशी नेहमीसारखंच बोलले, कुठल्याशा पंपाच्या गळतीबद्दल. मीच त्यांच्याकडे बघू शकत नव्हतो.

पत्र त्यांनी लिहिलं नाही. दोनदा त्यांना आठवण करून दिली गेली, दोनदा ते नाही म्हणाले. पुढच्या महिन्यात त्यांच्या पासची मुदत संपत होती. कंपनीने तो वाढवून घेतला नाही. इतक्या वर्षांचं घर आवरायला त्यांना जेमतेम तीन आठवडे मिळाले.

बाटल्या बांधायला मी गेलो. एकेक बाटली लोकरीच्या मोज्यात घालून खोक्यात ठेवत होतो. न राहवून म्हणालो, "चीफ, त्या दिवशी मी..."

"हिरवी नीट धर," ते म्हणाले. "मानेशी नाजूक आहे ती."

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने सांगितलं की खोकं सामानातच टाकावं लागेल, हातात नेता येणार नाही. चीफनी वाद घातला नाही. खोकं बाजूला घेतलं, सूटकेस उघडली, आपला जुना पांढरा बॉयलरसूट काढला आणि शर्ट-पँटवर चढवला. छातीचे खिसे, कमरेचे, मांडीवरचे, मागचे. एकेक मोजा एकेका खिशात गेला. सहा बाटल्या त्यांच्या मुलीच्या दप्तरात, तीन वहिनींच्या पर्समध्ये.

बारा वर्षांची मुलगी लाजेने लाल झाली. "पप्पा, एव्हरीवन लुकिंग लाह."

"बघू देत. खिशात ठेवायलाच केल्यात ह्या."

वहिनींनी हसू दाबत त्यांची कॉलर सारखी केली. मग चीफ हात अंगापासून जरा लांब धरून, ताठ चालत इमिग्रेशनच्या रांगेत जाऊन उभे राहिले. सूटबूटवाल्या माणसाने मागे सरकून त्यांना जागा दिली.

सहा-सात महिन्यांनी डायरेक्टरसाहेबांनी मला पुन्हा केबिनमध्ये बोलावलं. अमेरिकन म्हाताऱ्याने बाटली तिकडे तपासून घेतली होती. ती नवीच निघाली. सहा जहाजं तो द्यायला तयार होता, पण त्यांची तपासणी त्याच माणसाने करावी असं त्याचं म्हणणं होतं.

"फोन कर त्यांना," डायरेक्टरसाहेब म्हणाले. "पास आपण करून देऊ. फक्त त्या दिवशी ते नको तिथे बोलले, एवढं त्यांनी दोन ओळींत लिहून द्यावं. फाईलला लागतं."

मी चिपळूणला फोन लावला. चीफ आता तिथल्या आयटीआयमध्ये शिकवत होते. मागे कुणीतरी धातूवर हातोडी मारत होतं. मी सगळं सांगितलं.

"त्यांना सांग," ते म्हणाले, "मला जिथे विचारलं तिथे मी बोललो. विचारायला नको होतं, तर ती चूक विचारणाऱ्याची. मी पत्र देणार नाही आणि येणारही नाही. इथे पोरं इंजिन उघडून बसलीत."

मी हो म्हणालो. मग त्यांचा आवाज उतरला.

"अरे, असंच्या असं सांगू नकोस हं. नोकरी आहे तुझी. म्हण, तब्येत बरी नाही."

चीफना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या फोननंतर आमची भेट झाली नाही. पत्रं येत, त्यांत आयटीआयच्या पोरांबद्दलच जास्त असे. फोन ठेवून मी केबिनमध्ये गेलो तेव्हा काय झालं, हे मी त्यांना कधी कळवलं नाही. आता तुम्हाला सांगतो.

"काय म्हणाले?" डायरेक्टरसाहेबांनी विचारलं.

त्यांनी खुर्चीकडे हात केला होता, पण मी उभाच राहिलो. चीफ जे बोलले ते पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत, इंजिन उघडून बसलेल्या पोरांसकट सांगितलं. तब्येतीचं तेवढं वगळलं. मग म्हणालो, "आणि सर, तो नुसता छंद नव्हता. मी त्या दिवशी खोटं बोललो होतो."