मॉनिटरशेजारचा हात

सोनवणेकाका चित्र काढायला बसले की आधी डाव्या हाताची बाही कोपराच्या वर दुमडत आणि तो उघडा हात मॉनिटरच्या काचेला लावून ठेवत. उजव्या हातात माउस. एकदा हाताकडे बघायचे, एकदा काचेवरच्या चेहऱ्याकडे. मी हे पहिल्यांदा आमच्या कार्यालयात, जेवणाच्या सुट्टीत पाहिले तेव्हा मला वाटले, तो जुना डबा टेबलावरून घसरतो आहे आणि काकांनी त्याला धरून ठेवले आहे. मी धावत जाऊन दुसऱ्या बाजूने हात लावला.

“सोडा, पदवीधर,” काका म्हणाले. “तो पडत नाहीये. मी त्याला रंग दाखवतोय.”

पदवीधर हे नाव त्यांनीच मला दिले होते. मी परीक्षा देऊन पुण्यातल्या एका सरकारी कार्यालयात कारकून म्हणून लागलो. मंगळवेढ्याहून आलेला, इतिहास घेऊन बी.ए. झालेला. काका तिथे आवक-जावक शाखेत होते, निवृत्तीला आलेले. पहिल्या दिवशी सगळ्यांनी माझे आडनाव विचारले आणि त्यावरून मी कोण असेन याचा अंदाज बांधला. काकांनी एवढेच विचारले, “जेवलात का?” मग शिक्षण विचारले. घरात मीच पहिला पदवीधर, असे सांगितल्यावर त्यांनी स्वतः खुर्ची ओढून दिली.

“बसा, पदवीधर. आमच्या घरात मी पहिला मॅट्रिक. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. आपण दोघंही पुढचेच. तेव्हा ठेचा आपल्याच.”

एकदा माझे वडील मला भेटायला थेट कार्यालयात आले. पायात धुळीने भरलेल्या वहाणा, डोक्याला टॉवेल. शिपाई त्यांना बाहेरच्या बाकावर बसवत होता. काकांनी ते पाहिले, उठून गेले, वडिलांना हाताला धरून आत आणले आणि आपल्या खुर्चीवर बसवले. साहेब केबिनमधून बाहेर आले तेव्हा काका उभे आणि माझे वडील बसलेले. “साहेब, हे आपल्या पदवीधरांचे वडील,” काका म्हणाले. “पदवी यांनीच मिळवलीय, फक्त नाव मुलाचं टाकलंय.” वडील अजून गावात ही गोष्ट सांगतात.

काकांचा संगणकही आमच्याच कार्यालयातला. जुनी यंत्रे लिलावात निघाली तेव्हा त्यांनी आपल्याच टेबलावरचे यंत्र घेतले. त्याच्या बाजूला पांढऱ्या रंगात लिहिलेला सरकारी क्रमांक शेवटपर्यंत तसाच होता. “आम्ही दोघं एकदमच निवृत्त झालो. मला पेन्शन आहे, याला नाही. म्हणून घरी घेऊन चाललोय,” असे ते सांगत. कात्रजच्या घरातली बंद केलेली गॅलरी ही त्यांची चित्रशाळा. चित्रकला ते कुठे शिकले नव्हते. कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत माउसने चेहरे काढता काढता हात बसला होता, तेवढेच.

ते यंत्र कधी चालेल याचा भरवसा नसे. कधी मध्येच निळा पडदा दाखवून गप्प बसे, कधी सुरू होताना नुसत्या शिट्ट्या मारी. शिट्ट्या सुरू झाल्या की काका झाकण काढत, आतली मेमरीची पट्टी उपसत आणि तिची सोनेरी कड शाळेतल्या खोडरबराने घासत. “लहानपणी चित्र खोडलं म्हणून मास्तरांनी कान पिळला होता. आता बघा, खोडल्याशिवाय चित्र सुरूच होत नाही.”

आतून काकू म्हणत, “ह्यांचं चित्र म्हणजे आपल्या सोसायटीचं पाणी. आलं तर आलं.”

खोडरबराने भागले नाही तर आम्ही दोघे स्कूटरवरून बुधवार पेठेत जायचो. मागे मी, मांडीवर यंत्र. तिथे पहिल्या मजल्यावर रफिकभाईंचे दुरुस्तीचे दुकान होते. जुन्या यंत्रांचे सुटे भाग मिळण्याची ती शेवटचीच जागा असावी.

“काका, आता याला मेकॅनिक नको, पुजारी लागेल,” रफिकभाई म्हणाले होते.

“पुजारी तुमच्यात नाही, आमच्यातही नाही. तेव्हा स्क्रू ड्रायव्हरच काढा.”

काकांचा मुलगा महेश चांगल्या नोकरीत होता. तो पुन्हा पुन्हा म्हणे, “बाबा, नवीन घेऊन देतो.” काकांचे उत्तर ठरलेले. “बिघडलंय. बंद नाही पडलं. दोन्हींत फरक आहे.” हे वाक्य ते कार्यालयातल्या लिफ्टला लावत, सरकारी योजनांना लावत, एकदा तर एका सहकाऱ्याच्या संसाराला लावले होते.

पण काचेला हात कशाला, हे मी बरेच दिवस विचारले नव्हते. ते कळले निवृत्तीच्या वेळी, ओळखपत्रासाठी काकांना फोटो हवा होता तेव्हा. मी बरोबर होतो. स्टुडिओवाल्याने जो फोटो हातात दिला त्यातले काका गोरेपान होते, ओठ गुलाबी.

“हे कोण?” काकांनी विचारले.

“तुम्हीच की, काका.”

“मग ओळख करून द्या आमची. मी यांना भेटलो नाही कधी.”

“सगळ्यांना असंच उजळून देतो. वेगळा चार्ज नाही.”

“मला माझ्याच रंगात द्या. त्याचा चार्ज लावा.”

बाहेर आल्यावर काकांनी आईचे सांगितले. ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. काका शाळेत असतानाच गेली. तिचा एकच फोटो आहे, जत्रेतल्या तंबूत काढलेला, काळा-पांढरा. फोटोवाल्याने आधी तिच्या तोंडाला पावडर थापली होती. “तिला आयुष्यात एकदाच पावडर लागली, पदवीधर, आणि नेमकी तीच फोटोत राहिली.” काकूंनी सासूला पाहिले नव्हते, महेशने आजीला पाहिले नव्हते. वस्तीतली जुनी माणसे काकांना बघून म्हणत, भास्कर आईचा रंग घेऊन आलाय. ती माणसेही आता नव्हती. “तिचा रंग आता दोनच जागी आहे. माझ्या डोक्यात आणि या हातावर. डोक्याचा भरवसा नाही.”

म्हणून तो हात. भाजीवाली, शिपाई, बसचा वाहक, असे कितीतरी चेहरे त्यांनी काढले, पण ते सारे सरावासाठी. फिरून ते आईच्या चित्राकडेच येत. कपाळ हाताशी जुळले की गाल जुळत नसे. मग पुन्हा रंग बदलायचा, पुन्हा हात लावायचा. मध्येच यंत्र बंद पडले तर केलेले सगळे जाई आणि काका शांतपणे खोडरबर शोधत. कागदावर छापून का घेत नाही, असे मी विचारले. “छापायला दिलं की छापणाऱ्याचा रंग येतो. एकदा आलाय तेवढा पुरे.”

एका रविवारी त्यांनी मला बोलावून घेतले. गॅलरीत गेलो तेव्हा ते हात लावूनच बसले होते. काचेवर एक बाई होती. कपाळावर गोंदण, डोळे थोडे आकसलेले, उन्हात बघणाऱ्या माणसाचे असतात तसे. तिचा गाल कुठे संपतो आणि काकांचा हात कुठे सुरू होतो, ते मला क्षणभर कळले नाही.

“चिंचोका,” काका म्हणाले. “सुका नव्हे. भिजलेला.”

माझी आई याच रंगाची आहे. माझ्या लहानपणी पाहुणे त्यावरून तिला बोलत.

ते चित्र काकांनी घरातच ठेवले असते. पण सोसायटीचा वर्धापनदिन आला आणि सेक्रेटरी घरी आले. “सोनवणे, तुम्ही म्हणे चित्रं काढता. एकदा दाखवून टाका. तुमच्या गॅलरीतून रोज ठोकाठोकी ऐकू येते, ती कशासाठी ते तरी कळेल.” काका नाही म्हणाले, मग हो म्हणाले. आईला चार माणसांत बसवावे, असे त्यांना वाटले असणार. त्यांच्या सांगण्यावरून मी चित्रे पेनड्राइव्हवर घेतली. काका इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले, शेजारी काकू नव्या साडीत.

सभागृहातल्या मोठ्या टीव्हीवर पहिले चित्र आले आणि मी काकांकडे पाहिले. भाजीवाली तांबडीलाल होती. मग शिपाई तांबडा, वाहक तांबडा. लोक कुजबुजू लागले. शेवटी आई आली. गाल विटेसारखे, कपाळ भाजून निघाल्यासारखे.

“सोनवणे, रंगपंचमी अजून लांब आहे हो!” सेक्रेटरी म्हणाले. सभागृह हसले.

मागून एक बाई म्हणाल्या, “आजींना ऊन लागलेलं दिसतंय.”

काका उठले. मला वाटले, निघून जातील. ते मागे वळले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, “लागलंय ना. उन्हात खडी फोडायची ती. तुम्ही ज्या रस्त्यानं गावाला जाता, त्याची.”

हसणे थांबले. मग सेक्रेटरी म्हणाले, “चला, वडे गार होतायत,” आणि खुर्च्या सरकल्या.

घरी आल्यावर काका शर्टसुद्धा न बदलता गॅलरीत गेले. यंत्राने शिट्ट्या मारल्या, खोडरबर झाला, आणि काचेवर आई आली. तिच्या स्वतःच्या रंगात. काकांनी हात लावला. तंतोतंत.

“इथे बरोबर आहे,” ते म्हणाले. “मग तिथे कोण होतं?”

उत्तर रफिकभाईंनी दिले. मॉनिटर तपासून ते म्हणाले, “काका, तुमच्या ट्यूबचा लाल रंग गेलाय. एकदम नाही, हळूहळू, म्हणून कळलं नाही. तो जेवढा कमी दाखवत गेला, तेवढा तुम्ही जास्त भरत गेलात. दुसऱ्या पडद्यावर तो भरलेला सगळाच्या सगळा दिसतो.”

“म्हणजे मी बिघाड गृहीत धरून काढत होतो.”

“तसंच म्हणा.”

“नोकरीत तरी दुसरं काय केलं?” काका म्हणाले. रफिकभाई हसले. काका हसले नाहीत.

एक मार्ग होता. नवा पडदा जुन्याशेजारी ठेवायचा आणि डोळ्यांनी बघत नव्यावरची आई जुन्यावरच्यासारखी करत आणायची. रफिकभाई म्हणाले, जमेल. काकांनाही पटले. पण त्याच सुमारास त्यांच्या पायांवर सूज आली. मूत्रपिंडे निकामी होत चालली होती. डॉक्टरांनी डायलिसिस सांगितले. “बिघडलंय, बंद नाही पडलं,” काका दवाखान्यातल्या खाटेवरून मला म्हणाले. “घरी आलो की करू आपण ते काम.”

घरी आले त्या दिवशी जेवायच्याही आधी त्यांनी मॉनिटरचे बटण दाबले. काचेच्या मधोमध एक पांढरा ठिपका चमकला, बारीक होत गेला आणि विझला. पुन्हा दाबले. ठिपकाही आला नाही.

“बिघडलं का हो?” काकूंनी विचारले.

“नाही,” काका म्हणाले. “बंद पडलं.”

रफिकभाईंनी तशी ट्यूब पुष्कळ शोधली. मिळाली तरी उपयोग नव्हता, हे ते जाणून होते. दुसऱ्या ट्यूबचा लाल रंग तेवढाच कसा मेलेला असेल? महेशने मात्र न विचारता नवा संगणक आणला, मोठ्या चपट्या पडद्याचा. मुलगा मनाने चांगला आहे. काकांना त्याने धरून खुर्चीवर बसवले. मी पेनड्राइव्ह लावला. तांबडी आई पडदाभर उभी राहिली.

“काका, हात आहे की,” मी म्हणालो. “पुन्हा जुळवू. पहिल्यापासून.”

काकांनी बाही दुमडली. मनगटाजवळ सुया टोचलेल्या जागी पट्टी होती. तिच्या वरचा सगळा हात राखेसारखा काळवंडला होता. आजाराने कातडीचा रंग बदलतो, हे आम्हाला दवाखान्यात सांगितले होते, पण त्याचा हा अर्थ माझ्या ध्यानात आला नव्हता. काकांनी हात पडद्याजवळ नेला, तसाच धरला, मग मांडीवर ठेवला.

“हा तिचा नाही, पदवीधर. हा औषधांचा आहे.”

मी काहीतरी बोलायला लागलो. त्यांनी मान हलवली.

“आता काहीच बिघडलेलं नाही. मशीन चांगलं, पडदा चांगला, दुरुस्त करायला काही उरलं नाही. म्हणून बंद करा.”

मी बंद केले. काका पुन्हा त्या खुर्चीवर बसले नाहीत. गॅलरीत काकूंनी कपडे वाळत घालायला सुरुवात केली. गेल्या थंडीत काका गेले.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या लावल्या होत्या, शेजारी काकांचा मोठा फोटो, त्याला पांढऱ्या फुलांचा हार. मी फूल घेऊन पुढे झालो आणि थांबलो. फोटोतले गृहस्थ गोरे होते, ओठ गुलाबी. महेश माझ्याजवळ आला. रडून त्याचे डोळे सुजले होते. “छान आलाय ना, दादा? स्टुडिओवाल्यानं स्वतःहून उजळून दिला. शेवटी शेवटी बाबा फार काळे पडले होते.”

सेक्रेटरीही आले होते. फोटोला हात जोडून म्हणाले, “अगदी जसेच्या तसे वाटतात हो सोनवणे.”

मी तोंड उघडणार तेवढ्यात काकूंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. “काही बोलू नका,” त्या हळूच म्हणाल्या. “पोरानं मायेनं केलंय.” मी फूल वाहिले आणि बाजूला झालो. काका असते तर त्या फोटोला त्यांनी ओळख विचारली असती. ती विचारणाराच आता फोटोत होता.

आईचे चित्र माझ्याकडे आहे. कार्यालयातली नवी मुले म्हणतात, द्या, मोबाइलवर एका मिनिटात दुरुस्त करतो. कोणत्या रंगाकडे नेणार, असे मी विचारले की मुले म्हणतात, नॉर्मल. चांगला दिसेल असा. मी देत नाही. खरा रंग दाखवणारा हात गेला, आणि हाताशी जुळलेला तो रंग काचेवर पाहिलेला मी एक उरलो. माझ्या डोक्याचाही भरवसा नाही. ती बाई तांबडीच आहे, साफ चुकलेली आहे. पण कोणी अजून तिला गोरी केलेली नाही.