उदबत्तीचे वण

"बाही वर कर," मेट्रनबाई म्हणाल्या. त्यांनी माझा दंड दोन बोटांत धरून फिरवला, बाजारात वांगं किडकं आहे का बघावं तसा. मग बोटं पदराला पुसली.

"देवीचं टोचलेलंच नाही. जंगली कहीं की!"

गोंदियाच्या त्या वसतिगृहात माझ्यामागे मुलींची रांग होती. कुणाचे वडील वकील, कुणाची तांदळाची गिरणी. सगळ्यांच्या दंडावर लशीचा गोल वण. माझा दंड कोरा. मी दहा वर्षांची. त्या दिवसापासून माझं ताट बाहेर, चपलांशेजारी. आठ दिवसांत टोचून ये, नाहीतर नाव कमी.

सानिका, ओम, माझ्या नातवंडांनो, हे सगळं मी क्रमाने लिहिते आहे. सानिका, तुला मराठी वाचता येतं. ओमला वाचून दाखव.

आमचं गाव गोंदियाकडच्या गोरेगावजवळ. देवी टोचणारा माणूस गावात आला की बाबा आम्हा दोघी बहिणींना धानाच्या कोठीत लपवायचे. माझा मोठा भाऊ टोचल्यानंतर पाचव्या दिवशी तापाने गेला होता. तो ताप कशाचा होता, कुणालाच ठाऊक नाही. पण मुलगा पुरून आलेल्या माणसाशी कोण वाद घालणार?

रविवारी मी गावी गेले. "बाबा, मले शाळेतून काढतीन."

"काढतीन तं काढू दे. जित्ती तं राहशील."

मी देवघरातली उदबत्ती पेटवली. गोठ्यामागे बसले, परकर दातांत धरला आणि दंडावर दोनदा टेकवली. धाकटी बहीण शेजारी उभी होती. सहा वर्षांची.

"दुखून राहिलं काय वो, ताई?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

"मले बी करून दे ना."

"तुले कायले? तू थोडीच शाळेत जाऊन राहिली!"

आठव्या दिवशी मी खपली दाखवली. मेट्रनबाईंनी लांबूनच पाहिली. "अब ठीक है." माझं ताट आत आलं. मी इंग्रजीत पहिली आले.

वर्ष संपायच्या आत बाबांचं पोस्टकार्ड आलं. गावात देवी आल्या होत्या. बाबांनी दाराला कडुनिंब बांधला, घरातली फोडणी बंद केली, हात जोडून बसले. बहीण गेली. मला बोलावलं नव्हतं, फक्त कळवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटी सरकारी दवाखान्यात गेले आणि बाही वर केली. कंपाउंडर वैतागला. "तुला तर टोचलंय. दोन वण आहेत."

"ते खोटे आहेत," मी म्हणाले.

बाबांना मी शेवटपर्यंत काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

गेल्या महिन्यात तुमच्या बाबांचा फोन आला. तुम्हा दोघांना एकही लस दिलेली नाही, हे मला तेव्हा कळलं. नव्या शाळेला लसीकरणाचा दाखला हवा आहे.

"आई, तुझ्या ओळखीच्या डॉक्टरांकडून तारखा टाकून घे ना. तुला कोण नाही म्हणणार?"

मी त्याला बहिणीचं सांगितलं. तो हसला. "तू जुन्या काळची, आई. जग काय वाचतंय, तुला माहीत नाही."

त्याला वाचायला मीच शिकवलं. गोंदियाजवळच्या कुडव्याच्या याच घरात, याच टेबलावर.

"मी खोट्या तारखा आणणार नाही," मी म्हणाले.

"मग मुलांचं वर्ष जाईल. तुझ्यामुळे."

फोन बंद झाला. त्यानंतर तुमचा आवाज ऐकला नाही. इथे बसून तुमचे दंड मला धरता येत नाहीत. तुम्हाला दवाखान्यात नेता येत नाही. मला फक्त नाही म्हणता येतं, आणि लिहिता येतं.

हे पाकीट सानिकाच्या नावाने पाठवते आहे. परत आलं तर पुन्हा पाठवीन. तुमच्या शाळेलाही लिहीन. तुमचे बाबा माझ्याशी जन्मभर बोलले नाहीत तरी चालेल. खोटी खूण माझ्या हातून दुसऱ्यांदा होणार नाही.

वर्ष जाते तं जाऊ द्या, पोरंहो. जित्ते तं राहाल.