पायवाटेकडचा टाकळा

पाच जुलैला सकाळी सव्वासहा वाजता, मुलुंडच्या आमच्या वन-उद्यानात, एक अनोळखी बाई पायवाटेच्या कडेचा टाकळा खुडत होती. ती फक्त कोवळे शेंडे घेई, मनगटावर आपटून पाणी झाडी आणि ओच्यात टाकी. ‘पाने तोडू नयेत’ ही पाटी तिच्या खांद्याशीच होती. देखरेख माझ्याकडे होती.

“बाई, इथे काही तोडायचे नाही.”

“काका, तुम्ही लावलंय त्याला मी हात नाही लावला. हे आपलं आपण उगवलंय.”

“नियम सगळ्यालाच आहे.”

“मग उद्या माळी तण म्हणून उपटेल, त्याला पण सांगा ना. आजारपणात माझ्या नवऱ्यानं जेवण सोडलंय. टाकळ्याची भाजी केलीस तर खाईन म्हणाला.”

माळी उपटणारच होता. तसे मीच सांगितले होते. मग मी नेमके कशाचे रक्षण करीत होतो, हे मला तेव्हा उमगले नाही, आजही उमगलेले नाही. मी तिला ‘जा’ म्हटले नाही आणि ‘खुडा’ही म्हटले नाही. ती अर्ध्या ओच्यानिशी निघून गेली.

संध्याकाळी फाटकाला कुलूप घालण्यापूर्वी मी माळ्याला बजावले, “ती कड या आठवड्यात खुरपू नकोस.”