शमीमखाला आणि घरोघरचा कापूस

'तुले अजून नीट पाह्यता येत नाही, अन् तू लिहिणार व्हय?' असं जी बाई मला तोंडावर म्हणाली होती, तिच्यावरच मी लिहायला बसले आहे. त्याबद्दल आधी तिची आणि मग वाचकांची माफी मागते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. चार ओळी लिहिल्या की कुणाला तरी दाखवून घ्याव्यात असं मला अजूनही वाटतं, आणि ज्यांना दाखवावं अशी माणसं माझ्या ओळखीत फार नाहीत. एक होती, ती दाखवलेलं सगळं नापास करायची.

आमच्या धाड गावात, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत शमीमखालाचा फोटो स्टुडिओ होता. पुढे एक स्टूल आणि पांढरा पडदा, मागे स्वयंपाकघर. तिथेच एका कोपऱ्यात गोधड्या टांगून तिनं अंधारखोली केलेली. नवरा गेल्यावर मुलगा-सुनेच्या हाती न देता दुकान तिनंच चालवलं. काळेपांढरे पासपोर्ट फोटो, एवढाच धंदा. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की ती आधी त्याच्याकडे नापसंतीनं बघायची. 'सरळ बस. बँकेच्या पासबुकाचा फोटो हाय, तुह्यावर पिच्चर नाही निघून राह्यला.' समोरच रंगीत फोटोचं नवं दुकान झालं होतं. तिथे मागे बर्फाच्या डोंगरांचा पडदा होता आणि नवरीला कॉम्प्युटरवर गुलाबाच्या फुलात बसवून देत. खाला त्या दुकानाकडे पाहून म्हणायची, 'नवरीले फुलात बसवते, अन् नवऱ्याले काय भोपळ्यात बसवन काय?'

कॉलेजच्या छायाचित्र स्पर्धेसाठी मी मैत्रिणीचा कॅमेरा घेऊन लोणारला गेले होते. सरोवर, त्यावर मावळता सूर्य, काठावर एक वाळकं झाड. फार भारी काहीतरी केलं, अशा समजुतीत ते फोटो खालाला दाखवले. तिनं ते पत्ते पिसावेत तसे चाळले.

'हे तं कॅलेंडर हाय. तारखा कुठी हायेत?'

माझा चेहरा पडला, पण तिला चेहरा पडलेल्यांची दया यायची नाही.

'ते तळं तुह्याशिवाय लय वर्षं मजेत हाय. तुह्या घरात काय हाय ते सांग.'

'काहीच नाही खाला. कापूस हाय नुसता.'

'नुसता?' ती म्हणाली. 'चाल इकडं, कॉलेज.' माझं नाव तिनं कधी घेतलं नाही. मी तिच्यासाठी कायम 'कॉलेज' होते.

बीटी बियाण्याची पाकिटं तेव्हा घराघरात पोचली होती. पिकलेला कापूस लगेच विकायचा नाही, भाव वाढेल म्हणून घरातच भरून ठेवायचा, ही आमच्याकडची रीत. पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस चढायचा. मग टीव्ही कापसावर, गादी कापसावर, पाहुणाही कापसावरच. अंगाला खाज सुटायची, पोरं वरून उड्या मारून आईच्या शिव्या खायची. खालाला या सगळ्याचे फोटो हवे होते. गल्लीतलं प्रत्येक घर, त्या घरातला कापूस आणि कापसानं कोपऱ्यात ढकललेली माणसं. हिवाळा आला की ती जुना कॅमेरा घेऊन एकेका घरी जायची. असे बरेच हिवाळे ती हेच करत होती. फोटोसाठी गल्लीच्या तोंडापलीकडे एकदाही गेली नाही.

'जिंदगीभर लोकायची मुंडकी काढली,' ती म्हणायची. 'मुंडकं अन् दोन खांदे. एकदा तं आख्खी गल्ली एका ओळीत लावून पाह्यची हाय मले. सगळी. एकही घर कमी नाही.'

तिच्या हाताखाली मी पहिला फोटो आमच्याच घरचा काढला. कॅमेऱ्यात उजेड मोजणारी सुई असते, ती मध्यावर आणून मी बटण दाबलं. फोटो धुऊन निघाला तर कापूस राखाडी. आईनं तो हातात घेतला आणि भडकली. 'हा काय आपला कापूस हाय? कवडी दिसून राह्यली! व्यापाऱ्यानं पाह्यलं तं दारातूनच परत जाईन.' कवडी म्हणजे किडका, डागी, हलक्या भावाचा कापूस. आईनं तो फोटो उलटा करून डब्यामागे ठेवला.

खालाला हसू आवरेना. 'सुईवर इस्वास ठेवला व्हय? त्या सुईले पांढरं कळतच नाही. सगळं जग तिले राखाडीच वाटते, शहरातून येणाऱ्यासारखं. कापूस पाह्यला की तिचं ऐकायचं नाही, उजेड वाढवायचा.' दुसरा फोटो तिनं काढवून घेतला. त्यात कापूस कापसासारखा होता. आईनं तो देवाच्या फळीखाली लावला.

शहरातून येणारे तेव्हा खरंच फार येत. आमच्या भागातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या पेपरात असायच्या आणि त्या खोट्या नव्हत्या. जवळच्या एका वाडीत अशा एका घरी खाला आणि मी बसायला गेलो होतो. दुकानातून निघताना मी कॅमेऱ्याकडे पाहिलं, तर ती म्हणाली, 'तिथं हे नेत नसतेत.' एवढंच. येणाऱ्यांना मात्र हे कुणी सांगितलेलं नसायचं.

त्यातलेच एक गृहस्थ पुण्याहून आले. खादीचा झब्बा, गळ्यात दोन कॅमेरे, बोलणं हळू, जणू सगळं गावच आजारी आहे. विदर्भाच्या दुःखावर ते पुण्यात मोठं प्रदर्शन भरवणार होते. खालाविषयी त्यांना कुठून तरी कळलं. तिनं गल्लीचे सगळे फोटो खाटेवर ओळीनं मांडले. त्या दिवशी तिनं चहात दूध जास्त घातलं होतं, त्यावरूनच मला कळलं, की तिला हे किती हवं आहे.

त्यांनी खूप वेळ पाहून चार फोटो बाजूला काढले. त्यात एक माझ्या वडिलांचा होता. कापसाच्या ढिगापुढे मान खाली घालून बसलेले.

'विलक्षण आहे हे,' ते म्हणाले. 'ही हताशा! मी जरा गडद प्रिंट करून घेईन. कापूस राखेसारखा दिसला पाहिजे.'

'हताशा?' खाला म्हणाली. 'अहो, तो कापसातला काडीकचरा वेचून राह्यला. खाली पाह्यल्याबिगर कसा दिसन कचरा? हा पाहा त्याच्या पुढचा.' पुढच्या फोटोत आई काहीतरी बोललेली आणि वडील दात दाखवून हसताहेत.

'हो, पण आपल्या विषयात हसणं बसत नाही ना, ताई.'

'बाकीचे घरं?'

'भिंतीवर जागा मर्यादित आहे. तुमचं नाव मात्र मोठ्या अक्षरात येईल.'

खालानं चारही फोटो त्यांच्या हातून घेऊन परत आपापल्या जागी ठेवले. 'सगळे नेत असान तं न्या. अन् कापूस पांढरा ठेवा. नाही तं चहा पिऊन घ्या, थंडा होऊन राह्यला.'

ते गेले. मीच चिडले. 'खाला, नाव आलं असतं तुह्यं. पुण्यात!'

'नाव घेऊन काय करू, चुलीत घालू? तुह्या बापाले त्यानं पाच मिनिटात मसणात नेऊन बसवलं होतं. अन् तू टाळ्या वाजवाले तयार!' मग ती बराच वेळ फोटोंची ओळ नुसती सरळ करत बसली. तिला वाईट वाटलेलं मी तेव्हा एकदाच पाहिलं.

पुढे मी एमएला औरंगाबादला गेले. सुट्टीत भेटले की ती विचारायची, 'शिकवतेत का काही, का नुसतं बसवतेत?' तिचं अंग उतरत चाललं होतं. विचारलं तर म्हणायची, 'उजेड कमी पडून राह्यला तुह्या डोळ्यात.'

परीक्षा संपली त्या संध्याकाळी हॉस्टेलवर वडिलांचा फोन आला. ते सहसा फोन करत नाहीत.

'खाला गेली वं,' ते म्हणाले. 'महिना होत आला. तुही परीक्षा होती, म्हणून तुही माय सांगू देत नव्हती.'

फोन कटला असं वाटून ते दोनदा 'हॅलो' म्हणाले.

'ते पुण्यावाले सायेब आले होते काल,' ते पुढे म्हणाले. 'फोटो मागाले. तिच्या सुनेनं गल्लीतल्या सगळ्यायले बलावलं. म्हणे, तुमचेच घरं हायेत, तुमीच सांगा.'

माझे वडील म्हणजे बियाण्याचा एजंट सांगेल ते पाकीट आणणारे, फवारणीचं औषध दुकानदार देईल ते मुकाट्यानं घेणारे. नीटनेटक्या कपड्यातल्या माणसाला त्यांनी कधी उलट उत्तर दिलेलं मला आठवत नाही.

'मग बाबा? दिले?'

'कोणीच बोलेना. मग मीच इचारलं त्यायले, सगळे लावता का. ते म्हणे, जागा नाही. म्हणलं, मग राहू द्या.'