आक्कांनी उघडलेलं इंजिन

इंजिनाचे सुटे भाग मी एकदा पातेल्यांसारखे घासून, पुसून, डब्यात लावून ठेवले होते. वर स्वतःवर खूश होऊन आल्याचा चहाही करून प्याले. एवढा मोठा मूर्खपणा नुसती अक्कल कमी असून जमत नाही. त्यासाठी माणसाला आतून कुणावर तरी जळावं लागतं. मी जळत होते माझ्या नणंदेवर, आक्कांवर. आता मी नातवंडांची आजी आहे, दात निम्मे गेलेत, पण आक्कांचं नाव निघालं की ते जुनं पोटदुखणं अजून थोडं उठतंच.

आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. अक्कलकोटाकडं दिली होती. नवरा वारला आणि त्या सोलापूरला भवानी पेठेत माहेरी आल्या. घराच्या पुढच्या अंगाला त्यांच्या वडिलांचं गॅरेज होतं. वडील होते तोवर आक्का त्यांना पाने-पकडी देत बसायच्या, आणि वडील गेल्यावर त्यांच्याच स्टुलावर बसल्या. लुगड्यावर ह्यांचा जुना शर्ट चढवायचा आणि हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा. त्याचं टोक चालत्या इंजिनावर आणि मूठ कानावर ठेवून डोळे मिटले, की त्या मुंबईच्या डॉक्टरपेक्षा मोठ्या दिसायच्या. “तिसऱ्या घरात खडखड हाय,” म्हणायच्या, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये, आणि असायचीच. शर्टाचं दुखणं वेगळं. तो चौकड्यांचा शर्ट मी पहिल्या दिवाळीला ह्यांना आवडीनं घेतला होता.

माझं वय तेव्हा पंचविशीच्या आतबाहेर. रूप बरं होतं, आणि ते मला गरजेपेक्षा जास्त ठाऊक होतं. नवऱ्यानं दिवसभर माझ्याकडं बघत बसावं अशी माफक अपेक्षा. आणि हे घरात पाऊल टाकायचे ते “आक्का म्हणते” असं म्हणतच. आक्का म्हणते टायर बदलू. आक्का म्हणते पाऊस यायचा न्हाय. एकदा तर भाजीत तोंड घालून म्हणाले, “आक्का म्हणते, मीठ नंतर घालावं.” त्या दिवशी मी ताटातली भाजी परत पातेल्यात ओतली नाही हेच पुष्कळ. उलट आक्कांसारखं आपल्यालाही जमतं का बघावं म्हणून दुपारी चढलेल्या कुकरला उलथनं टेकवून कान लावला. पुढं आठवडाभर कानाची पाळी हळदीनं पिवळी होती. ह्यांनी विचारलं तर म्हटलं, “कुडी रुतली.”

आक्कांच्या तोंडी कौतुकाचा एकच शब्द होता: “चालंल.” शेंगाची चटणी खाऊन “चालंल.” देखणी नवरी बघून “चालंल.” मी इरकल नेसून, अंबाड्यावर गजरा माळून मुद्दाम त्यांच्या पुढ्यातून गेले, तर त्यांनी कार्ब्युरेटरमधून मान वर केली आणि म्हणाल्या, “शाले, जरा सर की. उजेड अडतोय.”

आमची पोटापाण्याची गाडी म्हणजे पांढरी अँबॅसिडर. हे तिच्यावर तुळजापूर, अक्कलकोट अशा भाड्याच्या फेऱ्या करायचे. पळून पळून तिचं पेट्रोल इंजिन एका उन्हाळ्यात पार बसलं. नेमकं माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न तोंडावर आलेलं. माझं माहेर वैरागचं. “सुमे, तुझी पाठवणी आमच्याच गाडीतनं,” असं मी तिला म्हटलं होतं, आणि वैरागच्या बाजारात ज्याला त्याला सांगूनही झालं होतं. गाडी आली नसती तर मला माहेरी तोंड दाखवायला जागा नव्हती. आक्का म्हणाल्या, “जुनं डिझेल इंजान बघू. बसवते मी.” म्हणजे माझी अब्रू आता कुणाच्या हातात, तर आक्कांच्या!

जुन्या इंजिनांच्या बाजारात मीही हट्टानं गेले. या दोघांना एकटं सोडायची माझी तयारी नव्हती. तिथला दुकानदार एका इंजिनावर थाप मारून म्हणाला, “जीपचं आहे बाई. डॉक्टरची जीप. गावाबाहेर गेलीच नाही कधी.”

आक्कांनी रॉकेलच्या बोळ्यानं इंजिनावरचा चिखल पुसून नंबर वाचला. मग मागं जाऊन फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाच्या मागच्या जड चाकावर, तळवा फिरवला आणि हसल्या.

“डाक्टर क्लच न दाबता गाडी चालवत हुता का रं?”

“म्हणजे?”

“हितं क्लच घासल्याची एक रेघ न्हाय. हे गाडीत कधी बसलंच न्हाय बाबा. हिरीवर पंपाला हुतं.”

दुकानदार इकडंतिकडं बघायला लागला. हे बहिणीकडं असे बघत होते, की लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही माझ्याकडं तसं बघितलं नव्हतं. मी पटकन म्हटलं, “मग नकोच ते. फसवतोय मेला.”

“खोटं त्यो बोलतोय, इंजान न्हाय,” आक्का म्हणाल्या. त्यांनी दुकानदाराला वरचं झाकण उतरवायला लावलं आणि सिलिंडरच्या आतून नख ओढलं. झिजलेल्या सिलिंडरला आत कड येते आणि नख तिथं अडकतं. ते अडकलं नाही. “एका जागी, एका चालीनं चाललंय बिचारं. ह्येच घ्या.”

इंजिन पडवीत आलं. आक्कांनी त्याचा खिळा न् खिळा सोडवून गोणपाटावर मांडला. पिस्टनच्या नव्या रिंगा आल्या, बेअरिंगं आली. आठ व्हॉल्व मात्र त्यांनी स्वतः घासले. काळं मलम लावायचं, व्हॉल्व त्याच्या बैठकीत टेकवायचा, रबरी टोपीची काठी वरून चिकटवायची आणि ताकाच्या रवीसारखी दोन्ही तळहातांत घुसळायची. घासलेला प्रत्येक व्हॉल्व त्यांनी पुठ्ठ्याला भोकं पाडून ओळीनं खोवून ठेवला. हे कौतुकानं मला म्हणाले, “बघ आक्कानं कसं मांडलंय. तुझी मांडणी बघ, नि ही बघ.”

झालं! दुसऱ्या दिवशी आक्का वेल्डरकडं गेल्या आणि मी कंबर कसली. मांडणी पाहिजे काय? दाखवते. आठही व्हॉल्व उपसले, रॉकेलनं धुतले, राखेनं घासले, आरशासारखे लखलखीत करून लाडवाच्या डब्यात लावले. तेलकट पुठ्ठा बंबात घातला. पाणी छान तापलं.

आक्का आल्या, डबा उघडून बघितला आणि स्टुलावर बसल्या. मी म्हटलं, “कसे दिसतायत, वन्सं?”

“लई झ्याक. आठांची आठ घरं हुती, शाले. ज्येला त्येला आपापल्या घरात बसवलं हुतं. तू सगळ्यास्नी आंघुळ घालून एका खोलीत कोंबलंस. आता कुठला कुणाचा, त्ये तूच वळख.”

मी डब्यात बघितलं. आठ सारखे चकचकीत दांडे. चुकीच्या घरात बसवले तर इंजिन दम धरणार नाही, हे कळलं तेव्हा मला सुमीचं लग्न, वैरागचा बाजार, सगळं एकदम दिसलं आणि रडूच फुटलं.

“रडतीस कशाला? ताक करता येतंय न्हवं? बस हितं.”

त्यांनी माझ्या हातात काठी दिली. दोघी समोरासमोर बसून आम्ही आठही व्हॉल्व नव्यानं घुसळले. माझे तळवे सोलून निघाले. लग्न डोक्यावर आलेलं, आणि आक्का मात्र निवांत कानडीतलं कसलंसं गाणं गुणगुणत होत्या. मला त्या गाण्याचाही राग आला. मग त्यांनी वरून रॉकेल ओतलं. ते झिरपलं तर काम नापास. चहा होऊन, पिऊन झाला तरी थेंब खाली आला नाही.

“चालंल,” आक्का म्हणाल्या. मला!

मी धावत ह्यांना सांगायला गेले. हे म्हणाले, “आक्कानं शिकवलं म्हणून.”

इंजिनाचे पाय वेल्डिंगनं जुळवून गाडीत बसवले. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा त्यानं काळा धूर ओकला, थरथरलं आणि मग हळूहळू एका लयीत बोलायला लागलं. वैरागला निघालो तर पुढच्या सीटवर आक्का. म्हणे, आवाज ऐकावा लागेल. मी नवरीची सख्खी बहीण, मागं रुखवताची टोपली मांडीवर घेऊन. माझ्या आईनं आधी आक्कांचे पाय धुतले. पुरुषमंडळी हार-तुरे सोडून बॉनेटभोवती जमली. सुमीसुद्धा हुंदके देत गाडीत बसताना म्हणाली, “आक्का, तुमच्यामुळं हं!” मी शेजारीच उभी होते.

आक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. गॅरेजच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. मध्यंतरी नातवानं जुन्या जीपसाठी कुठलंसं इंजिन उचलून आणलं आणि ते कसं तपासायचं ह्याचा व्हिडिओ मला फोनवर दाखवायला लागला. मी म्हटलं, “ते राहू दे. आधी फ्लायव्हीलवर हात फिरव. आक्का म्हणते...” आणि थांबले. ज्या दोन शब्दांनी माझं अर्धं आयुष्य जाळलं, ते माझ्याच तोंडातून, तेही वर्तमानकाळात!

आक्का डोळ्यापुढं येतात त्या मात्र परतीच्या वाटेवरच्या. सुमीला सासरी पोचवून आम्ही तिघं सोलापूरला निघालो. इंजिनानं वाटेत एकदाही कुरकुर केली नव्हती. आक्कांनी आपणहून मागचं दार उघडलं आणि टेकून बसल्या. पुढची सीट मोकळी! मी पदर सावरत रुबाबात ह्यांच्या शेजारी बसले, आणि जिंकले होते तरी गप्प बसवेना म्हणून मान वळवून विचारलं, “का हो वन्सं, आता आवाज नाही का ऐकायचा?”

आक्का खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, “बस की तू पुढं. इंजान उघडं हुतं तवर तुझा नवरा दिसातनं धा डाव ‘आक्का, आक्का’ करत हुता. आता सुरू झालंय, आता मला कोण इचारतंय? दुसरं एकादं बंद पडल्यालं बघून ठिव गं, शाले. जरा लौकर.”