विनाकारण मारू नये

"मुलाने यापुढे मुलीस विनाकारण मारहाण करू नये."

बाँडपेपरवरलं हे वाक्य मामासासऱ्यांनी खणखणीत वाचलं. रिटायर मास्तर ते. तीर्थपुरीजवळ माझ्या माहेरी बैठक भरल्ती. दहा-बारा माणसं. मी सैपाकघराच्या दारात उभी. कान अजून वाजून राह्यला होता. वरणात मीठ जास्त झालं म्हणून नवऱ्यानं कानफटीत ठेवून दिल्ती.

मी म्हणलं, "आन् कारण असलं तर?"

माणसं हसली. खरंच हसली. मामासासरे म्हणले, "सूनबाई, लई शिकलीस का? चहा टाक."

माझ्या आण्णांनी मान खाली घालून सही केली. सगळ्यांनी केली. मला कोणी विचारलंबी न्हाई. आन् मी चहा टाकला. अद्रक घालून टाकला. त्याची मला आजबी लाज वाटते. दुसऱ्या दिवशी नांदायला गेले.

पोरगी झाली तरी दोन वर्षं कारणं निघतच राह्यली. बाईला मारायचं म्हणलं की कारणाला काय तोटा!

एकदा बचत गटाच्या बायांसोबत जालन्याला शिबिराला गेल्ते. एक वकील ताई सांगत होत्या, बायांना बराबरीनं वागवायचं, घरातबी, असा जगातल्या देशांचा करार हाये. आपल्या देशानंबी तो मान्य केलाय. मला इतकं बरं वाटलं! मंग ताई म्हणल्या, "पण मान्य करताना सरकारनं लिहून दिलंय, कोणत्याही समाजाच्या खाजगी बाबतीत, त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय, आम्ही हात घालणार नाही."

"म्हंजे दिल्लीतबी आमचे मामासासरेच बसलेत का काय!" मी मोठ्यानं म्हणलं. बाया हसल्या. मला मात्र रडू फुटलं. समाज म्हंजे कोण? ती बैठकीतलीच माणसं ना? त्यांची संमती येईस्तोवर माझी हाडं राहतील का?

ताई जवळ आल्या. म्हणल्या, "घरातल्या मारहाणीसाठी आपला इथला कायदा आहे. अर्ज करा. त्याला फक्त तुमची संमती लागते."

दिवाळीच्या आधी नवऱ्यानं माझं मनगट मोडलं. परत माहेरी बैठक, परत तोच कागद. या टायमाला मामासासरे मोठ्या मनानं म्हणले, "तूबी सही कर. हात प्लास्टरमधी असंल तर अंगठा चालंल."

"करत न्हाई. आन् नांदायलाबी जात न्हाई."

आण्णा उठले. "मंग माझ्या घरात तुला जागा न्हाई."

माझा बाप बोलला हे. डाव्या हातानं पोरीला कडेवर घेतलं, एसटीत बसले आन् ताईंनी सांगितलेल्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडं अर्ज दिला.

आता तारखा चालू हायेत. नवरा कोर्टाच्या आवारात दात काढतो. मला भ्या वाटतं, रोज वाटतं. लोक म्हणतात, घरचा मामला हाये, मिटवून टाक. न्हाई मिटवणार. माझं हाड मोडलं तो देशाचा मामला हाये. देशानं आधी ती समाजाच्या संमतीची अट खोडावी, मंग म्हणावं करार मान्य केला. आन् ज्या घरात असली बैठक भरंल, तिथं मी न बोलावता जाणार.